बोली कुठे लपवली?

पुष्य नक्षत्राच्या दिवशी आमच्या दुकानात चहा उभ्यानंच प्यावा लागतो. इंदुरात दिवाळीआधीच्या पुष्याला लोक सोनं घेतात, गाडी घेतात, व्यापारी नव्या वह्या घेतात, आणि आता टीव्ही-फ्रिजही घेतात. पुण्याची आत्या विचारते, "तुमच्याकडे दसऱ्याला नाही का घेत?" घेतो की. दसऱ्यालाही घेतो, पुष्यालाही घेतो, धनत्रयोदशीला तर घेतोच. खरेदीच्या बाबतीत आम्ही माळव्याचे.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मोठ्या दुकानात फायनान्सच्या टेबलावर बसतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, नोकरी अजून तिथंच आहे. माल दाखवायचं काम सेल्सवाल्यांचं. गिऱ्हाईकाचं मन बनलं की त्याला माझ्याकडे आणतात आणि मी हप्त्यांची फाइल बनवतो. गेल्या वर्षी, २०२५ ला, पुष्य मंगळवारी आलं, १४ ऑक्टोबरला. त्या दिवसाचं माझं टार्गेट होतं ४० फायली.

त्या सीझनला गर्दी नेहमीपेक्षा जास्तच होती. २२ सप्टेंबरला मोठे टीव्ही, एसी आणि डिशवॉशर यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. फ्रिजवर तो २०१८ च्या जुलैपासूनच १८ टक्के आहे, म्हणजे फ्रिजचं काहीच बदललं नव्हतं. पण लोक विचारत, "फ्रिज पे कितना कम हुआ भिया?" आणि आमची पोरं सांगत, "भोत."

दुपारी चारच्या सुमारास एक मावशी आल्या, नंदानगरच्या. सोबत तिशीतला मुलगा. मावशी विद्यार्थ्यांना डबे देतात, वीस-बावीस डबे. जुना फ्रिज गणपतीत बंद पडलेला. सेल्सवाल्यानं आधी त्यांना दोन पल्ल्यांचा भलामोठा फ्रिज दाखवला. मावशींनी पिशवीतून सुतळी काढली. सुतळीला दोन गाठी मारलेल्या, एक ओट्याशेजारच्या जागेची, एक स्वयंपाकघराच्या दाराची. सुतळी फ्रिजला लावली आणि म्हणाल्या, "हा दारातून आत जाणार नाही." विषय संपला. त्या दिवशी दुकानात माप घेऊन आलेलं मी पाहिलेलं हे एकच गिऱ्हाईक. दाराशी अडलेले फ्रिज परत येतात तेव्हा टेम्पोवाल्यांच्या शिव्या आम्ही खातो.

मग गाठीत बसणारा फ्रिज ठरला. खोक्यावर एमआरपी ४१,९९०, सेलचा भाव २९,९९०. पाटीवर ठळक अक्षरांत '१२,००० की बचत'. माझ्या चार वर्षांत हा फ्रिज एमआरपीला विकलेला मी एकदाही पाहिला नाही. एमआरपी म्हणजे यापुढे जाऊ नका अशी वरची हद्द. प्रत्यक्षात चालतो त्या भावाला आम्ही एमओपी म्हणतो, आणि तो श्रावणात ३०,४९० होता. बचत पाचशेची. सेलमध्ये खोडलेला आकडा वाचू नये, श्रावणातला आठवावा, पण तो कोण लिहून ठेवतो?

मुलगा म्हणाला, "आई, हप्त्यानं घेऊ. बिनव्याजी आहे. तुझे पैसे एफडीत राहू दे." सेल्सवाल्यानं लगेच जोड दिली, "रोज के सिर्फ सौ रुपये, आंटी." आणि त्यांना माझ्यासमोर बसवून गेला.

मी नेहमीचं सुरू केलं. दहा-दोनची स्कीम: दहा हप्ते २,९९९ चे, त्यातले दोन आजच भरायचे, बाकीचे आठ महिन्याला एक. व्याज शून्य. फाइल चार्ज ६४९.

मावशी ऐकत होत्या. मग विचारलं, "तू मराठी ना रे?"

"हो मावशी, सुदामानगर."

"मग मला सांग, आमची बीसी आहे, तीच भिशी. वीस बायका, हजार-हजार रुपये. जिला आधी हवेत ती बोली लावते, साडेसतरात उचलते. उरलेले अडीच हजार बाकीच्यांत वाटले जातात. आधी उचलणारीला कमीच मिळतं. तुमचा फ्रिजही मी आधी उचलतेय, पैसे मागून देतेय. मग बोली कुठे लपवली?"

ट्रेनिंगमध्ये असल्या प्रश्नाचं उत्तर शिकवत नाहीत. खरं तर उत्तर साधं आहे आणि मला पाठ आहे. हप्त्यांचे पैसे देणारी फायनान्स कंपनी दुकानाला पूर्ण २९,९९० देतच नाही. त्या स्कीमवर साडेचार टक्के, म्हणजे १,३५० रुपये, स्वतःकडे ठेवते. आमच्या भाषेत त्याला डीबीडी म्हणतात. दुकानाच्या हातात येतात २८,६४०. रोख देणाऱ्यानं तेवढेच दिले तरी दुकानाचं तेवढंच भागतं. पण रोखवाला विचारत नाही, आणि न विचारता कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. तरी पाट्या आहेत, फक्त 'शून्य टक्के' जाऊन 'नो कॉस्ट' आलं.

मागे माणसं उभी होती. ४० पैकी माझ्या २६ फायली झाल्या होत्या. मला प्रत्येक फाइलमागे थोडे पैसे मिळतात, हेही सांगून टाकतो.

मी आवाज खाली आणला. "मावशी, रोख दिले तर २८,६४० पर्यंत होईल. हप्त्यानं, फाइल चार्ज धरून, ३०,६३९."

"म्हणजे दोन हजार."

"एक रुपया कमी."

मुलगा म्हणाला, "पण एफडीचं व्याज?" हा प्रश्न चुकीचा नव्हता. हप्ते खरंच फुकट असते तर त्याचंच बरोबर होतं. मी कॅल्क्युलेटर घेतला. आठ हप्त्यांचे पैसे दर महिन्याला एकेका हप्त्यानं कमी होत जाणार, साडेसहा टक्क्यांनी एफडीवर त्या काळात सुटतात ५८५ रुपये. ५८५ वाचवायला १,९९९ द्यायचे. मग उत्सुकतेनं मीच उलटा हिशेब केला, हे १,९९९ व्याज धरलं तर दर किती पडतो, नोकरीत पहिल्यांदाच. महिन्याला जवळजवळ दोन टक्के निघाले.

"शेकडा दोन," मावशी म्हणाल्या. "मिलच्या गेटावर सावकार बसायचा तो शेकडा पाच घ्यायचा. पण तोंडावर सांगून घ्यायचा."

त्यांचे यजमान हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. थकलेले पैसे देण्याचा कार्यक्रम झाला २०२३ च्या डिसेंबरात, ४,८०० च्या आसपास मजुरांसाठी २२४ कोटी. बत्तीस वर्षं. यजमान तोवर राहिले नाहीत. घरच्यांच्या वाट्याला जे आलं तीच ही एफडी. पण त्यातलं काही मोडायचं नव्हतंच. मावशींनी पिशवीतून बीसीची थैली काढली. या महिन्याची बीसी त्यांनीच उचलली होती, शेवटून दुसरी, म्हणून जवळजवळ पूर्ण. त्यात डब्यांचे पैसे घातलेले.

मॅनेजरकडे मीच गेलो. तो आधी नाही म्हणाला, मग हजार म्हणाला. मावशी उठून सुतळी पिशवीत ठेवायला लागल्या, तेव्हा १,३५० ला तयार झाला. वर वाढीव वॉरंटी घ्या म्हणून आणखी दहा मिनिटं गेली. त्यांनी एकच विचारलं, "गॅस गेला तर यात येतं का?" उत्तर गोलगोल आलं. वॉरंटी राहिली. वीजबचतीचे तारे त्यांनी मोजलेच नाहीत, लेबलवर वर्षाचे युनिट किती छापलेत तेवढं वाचायला लावलं मुलाला. पैसे मोजून झाल्यावर म्हणाल्या, "फ्रिज उद्या आला तरी चालेल. बिल आजच्या तारखेचं पाहिजे, पुष्यातलं." हिशेब एकीकडे, नक्षत्र एकीकडे. मला ते आवडलं.

रात्री फायली झाल्या ३७. घरी जेवताना मी स्वतःच्या मोबाइलचे हप्ते काढून बसलो. तोही नो कॉस्टच. पुढचं सांगत नाही.

चार दिवसांनी धनत्रयोदशी. मला फायनान्सवरून काढून स्क्रॅच कार्डांच्या टेबलावर बसवलं होतं. कारण कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी नंदानगरच्या तिघीजणी दुकानात शिरल्या. फ्रिजांकडे पाहिलंही नाही, फायनान्सच्या टेबलावर दुसरंच पोरगं बसलेलं पाहून थबकल्या, इकडेतिकडे शोधलं आणि सरळ माझ्याकडे आल्या.

"सुदामानगरचे तुम्हीच ना?" त्यांतली एक म्हणाली. "आधी रोखीचा भाव सांगा."