वावरात उगवलेला लक्स-नकाशा

‘लाइटानं सोयाबीन हिरवं राह्यते’ अशी तक्रार वाशीम जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीकडून आली, तेव्हा ऑफिसात बरेच जण हसले. मी एलईडी दिव्यांच्या लेन्स डिझाइन करतो. आमच्याकडे तक्रारी येतात त्या अंधाराच्या. दिवे आमचे नव्हते, पण नुसती लेन्स बदलून भागेल का, ते पाहायला मी गेलो.

सोंगणीचे दिवस होते. वावरभर सोयाबीन पानं गाळून वाळलेलं आणि पांदणीच्या प्रत्येक खांबामागे मात्र हिरवागार पट्टा. वावराचे मालक असलेल्या काकांनी मला धुऱ्यावर उभं केलं. “पाहा साहेब, एकाच दिवशी पेरलं, बियाणं एकच. तिथं शेंगा तडकून राह्यल्या, अन् इथं पानं बी गळली नाहीत. सोंगू कधी? ओलं-वाळलं एकात काढलं त भाव पाडतात.”

मी त्या हिरव्याचा आकार पाहत होतो. खांबाजवळ चपटा, दोन्ही टोकांना फुगलेला. संगणकावर आम्ही ज्या समप्रकाश रेषा, म्हणजे सारखा उजेड असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषा काढतो, त्यातलीच एक इथे पिकात उमटली होती. जागेवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. रात्री तो मोजणारं लक्समीटर घेऊन हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवरून चाललो. आकडा फारसा हललाच नाही, दोन लक्सच्या आसपास. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या घरात असतं. सोयाबीन हे आखूड दिवसांचं पीक. रात्र लांबू लागली की ते फुलोऱ्यावर येतं. या दिव्यामागच्या झाडांसाठी रात्र लांबलीच नव्हती.

हे दिवे बंद करा, असं म्हणायला मात्र कुणीच तयार नव्हतं. पांदणीवर रानडुकरं आहेत, साप आहेत. एका खांबाला काकांनी तेलाच्या डब्याचा पत्रा मागून बांधला होता आणि तिथलं सोयाबीन पिवळं झालं होतं! उपाय अगदी बरोबर. फक्त पत्र्याने अडवलेला उजेड वाया जात होता.

सपाट रस्त्यावर सारखा उजेड पाडायचा, तर तिरप्या दिशेला जास्त प्रकाश पाठवावा लागतो. उभ्या रेषेपासून ६० अंशांवर तो थेट खालच्या आठपट लागतो. आधीची लेन्स हे करत होती, पण पुढे आणि मागे सारखंच. आम्हाला पुढे रस्ता आणि मागे काळोख हवा होता, म्हणजे फ्रीफॉर्म लेन्स, जिचा पृष्ठभाग ठरावीक गोलाईचा नसून हवा तसा घडवलेला असतो. एलईडीच्या प्रकाशाचे सारखे वाटे करायचे, रस्त्याचे चौकोन पाडायचे, कुठला वाटा कुठे जाईल ते ठरवायचं आणि अपवर्तनाच्या नियमाने लेन्सच्या प्रत्येक बिंदूचा कल काढायचा. गोम अशी की, मनाला येईल तशी वाटणी केली तर ते कल जुळून सलग पृष्ठभाग तयार होत नाही. इथे जे समीकरण सोडवावं लागतं, त्याच्या नावात मोंज हा फ्रेंच गणिती आहे. त्याने १७८१ मध्ये माती इथून उचलून तिथे टाकताना वाहतूक कमीत कमी कशी होईल, हा प्रश्न मांडला होता. रोजगार हमीच्या कामावरच्या मुकादमाला तो लगेच कळला असता.

मागच्या अंगाला आम्ही प्रिझमसारखी उभी भिंत दिली. अॅक्रिलिकच्या आतून पृष्ठभागाच्या लंबाशी सुमारे ४२ अंशांहून जास्त कोनात आलेला किरण बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. वावरात जाणारा बराचसा उजेड त्या भिंतीने रस्त्याकडे वळवला.

सगळा नाही. एलईडीची चिप काही बिंदू नसते, तिला लांबी-रुंदी असते, त्यामुळे उजेडाची कड सुरीने कापल्यासारखी येत नाही. पुढच्या हंगामात धुऱ्याकडची तासं उशिराच पिकली. काकांना ते चाललं. “पण वळणावरचा खांब राह्यला न बाप्पा, तो काहून सोडला?” वळणावर रस्त्याचा आकारच वेगळा, तिथे ही लेन्स उजेड भलतीकडे टाकेल. त्याची वाटणी सध्या माझ्या स्क्रीनवर आहे, आणि तोवर त्या खांबाला पत्रा बांधा, असं मीच त्यांना सांगितलंय.