छाप आपली, सराफही आपला

हाँगकाँगमध्ये पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. नोकरीसाठी इथं आले तेव्हा ती पाहून मी थबकलेच. नाशिकला आमच्या घरी तीन पिढ्यांची सराफी, आणि श्रॉफ म्हणजे सराफच. चीनच्या किनाऱ्यावरच्या व्यापारात चांदीचे डॉलर पारखणाऱ्याला हेच नाव होतं. पारखलेल्या नाण्यावर सराफ किंवा व्यापारी आपला छोटा ठसा ठोकायचा. त्याला इंग्रजीत ‘चॉप’ म्हणतात. हा शब्दही मूळचा आपला ‘छाप’. मग अशी नाणी जमवायचं ठरूनच गेलं.

पहिल्याच खरेदीत फसले. रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून ठसेच ठसे असलेला अमेरिकन ट्रेड डॉलर, म्हणजे पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेला चांदीचा डॉलर, घेतला. घरी येऊन साल वाचलं तर १८७२. अमेरिकेनं हा डॉलर पाडायला सुरुवातच केली १८७३ मध्ये! वजन भरायला हवं २७.२ ग्रॅम, भरलं साडेबावीस. सराफाच्या घरची मुलगी असून नाणं वाजवून घेतलं नाही, हे मनाला फार लागलं.

“पैसे गेले ते गेले,” बाबा फोनवर म्हणाले, “पण ते फेकू नकोस. खोटं हाताशी असलं की खरं लवकर कळतं.”

तसंच झालं. खऱ्या छापेत पोलादी ठसा चांदीत घुसलेला असतो. दबलेली चांदी ठशाच्या कडेला किंचित वर येते आणि नाणं उलटलं की नेमक्या त्याच जागी नक्षी चपटलेली दिसते. माझं नाणं ओतीव होतं. ठसेसुद्धा साच्यातूनच आलेले. कडा गुळगुळीत, तळ रवाळ, मागची नक्षी जशीच्या तशी. मात्र खऱ्या नाण्यावर आजकाल नवे ठसे मारणारेही आहेत. म्हणून ठशाच्या खोबणीतला काळेपणा बाकीच्या नाण्याशी जुळतो का, तेही मी बघते. (नाणं घासून चकचकीत केलं की हा पुरावाच जातो. कृपा करून घासू नका.)

आठ महिन्यांनी १९०२ चा ब्रिटिश डॉलर मिळाला. या वेळी विकणाऱ्यासमोरच तोलला: २६.८ ग्रॅम. मूळ वजन २६.९५, म्हणजे झीज धरून ठीक. घरी पाण्याचा पेला वजनकाट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्यानं तळाला न टेकवता बुडवलं. काटा २.६ वर थांबला, म्हणजे नाण्यानं तेवढं पाणी सारलं. २६.८ ला २.६ नं भागलं की घनता येते साधारण १०.३. नव्वद टक्के चांदीचा हिशेब बरोबर जुळला.

मग भिंग घेतलं. ब्रिटानियाच्या, म्हणजे नाण्यावरच्या ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, हातातल्या त्रिशूळाच्या मधल्या टोकात बारीकसा ‘बी’. मुंबईची टांकसाळ! फोर्टात पाडलेलं नाणं, मागे चिनी आणि मलाय अक्षरं, वर चिनी व्यापाऱ्यांच्या सात छापा. त्यातली एकच मला वाचता आली: हात पसरून उभ्या माणसासारखं दिसणारं, ‘मोठा’ या अर्थाचं अक्षर.

नाणं नाशिकला न्यायचा मोह आवरला. शंभर वर्षांवरचं नाणं भारतातून परवानगीशिवाय बाहेर आणता येत नाही. म्हणून व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी दोन्ही बाजू नीट बघितल्या आणि एवढंच म्हणाले, “वाजव.”

बोटाच्या टोकावर तोलून नखानं टिचकी मारली. फोन कानाशी धरून ते म्हणाले, “अजून एकदा.”