आकाशातले बत्तीस ठिपके

जुन्या फिल्मवरची घाण काढणं हे माझं काम. अंधेरीच्या एका स्टुडिओत रात्रपाळीला बसायचं, स्कॅन होऊन आलेली रिळं लावायची आणि धूळ, केस, ओरखडे पुसत जायचं. सॉफ्टवेअरचं गणित सरळ आहे: मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नसलेला ठिपका म्हणजे कचरा.

त्या रात्री पहिल्या महायुद्धाचं रीळ होतं, डब्यावरच्या चिठ्ठीवर १९१८. टेहळणीचा फुगा, काको या फ्रेंच इंजिनिअरच्या बनावटीचा: लांबट पोट आणि शेपटीला वाऱ्याने फुगलेले तीन कान. पोटात हायड्रोजन, खाली वेताची टोपली, जमिनीवर लॉरीवरच्या विंचला बांधलेली तार. टोपलीतला माणूस शत्रूच्या तोफा हेरायचा आणि टेलिफोनवरून खाली सांगायचा. फुग्याला पळायची सोय नाही. विमान दिसलं की खालच्यांनी भराभर तार गुंडाळायची, एवढंच हातात.

इथे ते जमलेलं नव्हतं. फुगा पेटला, कॅमेरा हिसकला आणि टोपलीच्या बऱ्याच खाली एक पांढरी छत्री हवेत उगवली.

नुसतीच उगवली. आली कुठून?

मूळ स्कॅन उघडला. टोपलीपासून छत्रीपर्यंत दर फ्रेमला एक काळा ठिपका. मोजले, बत्तीस. तो हाताने फिरवायचा कॅमेरा, सेकंदाला साधारण सोळा फ्रेम, म्हणजे धरा दोन सेकंद. धूळ कुठेही पडते. हे ठिपके मात्र खाली खाली जात होते आणि त्यांच्यातलं अंतर वाढत चाललं होतं. पिक्सेल मोजून पाहिले. गुरुत्वाकर्षण पाळणारी धूळ मी तरी पाहिलेली नाही.

सॉफ्टवेअरने माणूस पुसला होता. बटण मी दाबलं होतं.

आमच्या टीमच्या लीडना बोलावलं. "अरे, तेव्हा पॅराशूट कुठलं? इंग्रज वैमानिकांनासुद्धा नव्हतं," ते म्हणाले. वैमानिकांना नव्हतं हे खरंच, पण फुगेवाल्यांना होतं. पाठीवर नव्हे, टोपलीबाहेर लटकवलेल्या शंकूसारख्या पिशवीत छत्री, तिची दोरी माणसाच्या पट्ट्याला. उडी मारली की त्याच्याच वजनाने छत्री खेचली जायची. तोवर माणूस दगडासारखा खाली. आमचे दोन सेकंद ते हे. वरून पेटता फुगा छत्रीवर कोसळायची धास्ती निराळीच.

लीड खुर्ची ओढून बसले. "परत लाव." चार-पाचदा पाहिलं. मग म्हणाले, "टोपलीत किती जण असायचे?"

"बहुतेक वेळा दोघं, सर."

पहाटेपर्यंत बत्तीसही फ्रेम हाताने परत आणल्या आणि दुसरी छत्री शोधत बसलो. शॉट तिथेच तुटतो. टोपलीच्या उजव्या अंगाला आणखी एक ठिपका होता, तीनच फ्रेम, पुढे धूर. धूळ असावी. पुसला नाही.

आठवड्याने क्लायंटकडून तपासणीची शीट आली: आकाशात डाग राहिलेत, काढा. धडधडत फ्रेम नंबर पाहिले. त्या बत्तीसांबद्दल अक्षर नव्हतं. हे तीन होते.

शीटवर अजून सही केलेली नाही.