डेन्व्हरचं कॉलेज-हेल्थ अधिवेशन : कुठे बसावं, कुठून लवकर उठावं

२०१९ साली हे अधिवेशन मेमोरियल डेच्या, म्हणजे मेमधल्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीच्या, दुसऱ्याच दिवशी सुरू झालं, म्हणून पहिला सल्ला तिकिटाचा. त्या लांब वीकेंडला अख्खी अमेरिका प्रवासात असते. रजा मंजूर होण्याची वाट बघत बसलात तर विमानाचं भाडं दुप्पट झालेलं दिसेल. हॉटेलचंही तसंच. अधिवेशनाच्या सवलतीच्या खोल्या आधी संपतात आणि मग त्याच इमारतीत वरच्या दराने राहायची वेळ येते.

ज्यांना हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : अमेरिकेत बहुतेक मोठ्या विद्यापीठांचा स्वतःचा दवाखाना असतो. तिथले डॉक्टर, नर्स, समुपदेशक, आरोग्यशिक्षक, फार्मासिस्ट यांची संस्था म्हणजे अमेरिकन कॉलेज हेल्थ असोसिएशन. स्थापना १९२० ची. तिचं वार्षिक अधिवेशन २८ मे ते १ जून २०१९ या दिवसांत डेन्व्हरला झालं. मी एका सरकारी विद्यापीठाच्या दवाखान्यात नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून औषध लिहून देणारी नर्स, आहे. आमच्याकडे महाराष्ट्रातून येणारी मुलंमुली बरीच असतात, त्यामुळे कुठल्या खोलीत बसायचं हे मी त्यांच्या फायली डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवलं होतं.

विमानतळ शहरापासून बराच लांब आहे. टॅक्सीच्या फंदात पडू नका. ए-लाइनची रेल्वे (२०१९ मध्ये भाडं साडेदहा डॉलर होतं) सदतीस मिनिटांत युनियन स्टेशनला आणून सोडते. तिथून सोळाव्या रस्त्यावर फुकट बस सारखी धावत असते. कन्व्हेन्शन सेंटरच्या काचेला नाक लावून आत डोकावणारं चाळीस फुटी निळं अस्वल दिसलं की मुक्कामाच्या जागी पोचलात असं समजा. शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरहूनही उंच. पहिल्या दिवशी जिना चढताना दम लागला तर घाबरायचं कारण नाही. पाणी सतत प्यायचं आणि पहिल्या संध्याकाळी वाइन जपून घ्यायची, ती इथे लवकर चढते. कपड्यांचं म्हणाल तर आदल्याच आठवड्यात शहरात बर्फ पडला होता आणि आम्ही पोचलो तेव्हा ऊन. सभागृहांतला एसी मात्र कुठल्याही ऋतूत गारठवतो, तेव्हा शाल किंवा स्वेटर जवळ असू द्या.

आता मुख्य कार्यक्रम. पत्रिकेत जे ठळक अक्षरात छापलेलं असतं, म्हणजे उद्घाटनाचं बीजभाषण, पुरस्कार सोहळा, प्रदर्शनाच्या दालनातलं स्वागत, त्यातलं स्वागत चुकवू नका. खायला चांगलं असतं आणि ओळखी तिथेच होतात. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी वेगळी माहितीबैठक असते, तीही करा. इतक्या खोल्यांत एकाच वेळी सत्रं चालू असताना आपल्या कामाचं काय, हे तिथेच कळतं. बीजभाषणाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. वक्ते पट्टीचे, टाळ्या भरपूर, पण सोमवारी दवाखान्यात गेल्यावर त्यातलं काय वापरणार? दाराजवळची खुर्ची धरा.

पुरस्कार सोहळाही लांबतो, पण त्यात एक गंमत आहे. पुरस्कारांच्या नावांतून या क्षेत्राचा इतिहास कळतो. एडवर्ड हिचकॉक हे १८६१ पासून ॲम्हर्स्ट कॉलेजात आरोग्य आणि व्यायाम शिकवायचे. विद्यार्थ्यांची उंची, वजन, छातीचा घेर मोजून त्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. रूथ बॉइंटन यांनी मिनेसोटा विद्यापीठाचा दवाखाना अनेक वर्षं चालवला, आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शेजारी बसलेल्या नर्सबाई प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत होत्या, मी दोनच ठिकाणी वाजवल्या.

त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता : गोवर. एप्रिलच्या अखेरीस लॉस एंजेलिसमधल्या दोन विद्यापीठांना शेकडो विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांना घरी थांबायला सांगावं लागलं होतं, कारण लस घेतल्याचा पुरावा हाताशी नव्हता. त्यात अधिवेशन चालू असतानाच, गुरुवारी ३० मेला, सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, जाहीर केलं की वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांतच ९७१ रुग्ण झाले आहेत, १९९२ नंतरचा सर्वांत मोठा आकडा. त्या दिवशी लसीकरणाच्या सत्राला उभं राहायला जागा नव्हती. चर्चेचा सगळा भर कागदांवर : कोणाकडे पुरावा आहे, तो कुठे ठेवलाय, रात्री अकरा वाजता साथ कळली तर तासाभरात यादी निघेल का. ज्यांच्याकडे अजून फायलींचे गठ्ठे आहेत त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

आपल्या मुलांची अडचण नेमकी इथेच होते. भारतात गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस धरत नाहीत. म्हणजे नवव्या महिन्यात गोवर आणि पंधराव्या महिन्यात एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस) घेतलेल्या मुलाचे आईवडील ‘दोन्ही दिलेत’ म्हणतात, आणि आमच्या नोंदीत एकच चढतो. मुलं वैतागतात. उपाय सोपा आहे. निघण्याआधी पुण्यात, नागपुरात, जिथे असाल तिथे एमएमआरचा आणखी एक डोस घ्या. आधीच्या डोसापासून किमान २८ दिवसांचं अंतर हवं. डॉक्टरांकडून तारीख, लसीचं नाव, सही, शिक्का असलेला कागद इंग्रजीत घ्या. लहानपणीची पिवळी पडलेली फाइल सापडत नसेल तर रक्तात प्रतिकारशक्ती आहे का, याची तपासणीही बहुतेक विद्यापीठांत चालते.

दुसरं मोलाचं सत्र टीबीच्या तपासणीचं, लहानशा खोलीत, शेवटच्या दिवशी. अर्धी मंडळी तोवर विमानतळावर गेली होती. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्याला ही तपासणी सांगितली जातेच. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी टोचतात, त्यामुळे टीबीचा संसर्ग नसतानाही हातावरची मांटू चाचणी फुगून येऊ शकते. इग्रा या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून निवड असेल तर तीच मागा. आणखी एक बारकावा : एमएमआर आणि टीबीची चाचणी एकाच दिवशी करा, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबा, कारण मध्ये केली तर निकाल चुकीचा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. चाचणी पॉझिटिव्ह आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ, म्हणजे सुप्त संसर्ग, दुसऱ्याला होणारा आजार नव्हे. पूर्वी त्यासाठी नऊ महिने आयसोनियाझिड खावं लागायचं. आता आठवड्यातून एकदा, असे बारा डोस पुरतात. घरी फोन करून ‘मला टीबी झाला’ म्हणून रडणाऱ्या मुलीला समोर बसवून हेच समजावण्यात माझा निम्मा सप्टेंबर जातो.

कॉफीच्या रांगेत माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून एक बाई थांबल्या. मूळच्या कोल्हापूरच्या, आता टेक्ससमधल्या एका कॉलेजात नर्स. त्यांनी विचारलं,

‘ताई, तुमच्याकडेही आईबाबांचे फोन येतात का हो?’

‘येतात म्हणजे! परवा एक काका म्हणाले, फी मी भरतो, रिपोर्ट मला सांगायला काय हरकत?’

‘मग काय सांगितलंत?’

‘म्हटलं, काका, लेकाला सही करायला सांगा, मग चहा घेत निवांत बोलू.’

आईवडिलांनी हे एवढं ध्यानात ठेवलं तरी बरंच काम हलकं होईल. मूल अठरा वर्षांचं झालं की त्याच्या लेखी परवानगीशिवाय दवाखाना काहीही सांगत नाही, तुम्ही कितीही आर्जवं केलीत तरी. शिवाय हेल्थ फी आणि आरोग्यविमा या दोन वेगळ्या गोष्टी. फीमध्ये कॅम्पसच्या दवाखान्यातली भेट येते, बाहेरच्या हॉस्पिटलचं बिल विम्यावर जातं. फी भरली म्हणून विमा सोडून दिला की अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर डोळे पांढरे होतात.

मानसिक आरोग्याची सत्रं सर्वांत भरलेली होती, वीस मिनिटं आधी जा. संस्थेच्याच देशव्यापी विद्यार्थी-पाहणीत अभ्यासावर परिणाम करणाऱ्या गोष्टी विचारतात, तेव्हा ताण, चिंता, झोप आणि नैराश्य ही उत्तरं सर्दी-खोकल्याच्या पुढे येतात. समुपदेशकांची पदं मात्र त्या वेगाने वाढत नाहीत. प्रतीक्षायादी कशी कमी करायची, पहिल्याच भेटीत मुलाच्या हाती काहीतरी कसं द्यायचं, यावर चांगलं बोलणं झालं. परदेशी विद्यार्थ्यांवरच्या चर्चेत परदेशात शिकलेलं कोणी मंचावर दिसलं नाही, हे खटकलं. प्रश्नोत्तरांत मी ते बोलून दाखवलं. माइक पटकन पुढे सरकवला गेला.

एक सावधगिरी, व्हिसावर असणाऱ्यांसाठी. कोलोरॅडोत २१ वर्षांवरील माणसाला गांजा दुकानात मिळतो, १ जानेवारी २०१४ पासून. सोळाव्या रस्त्यावर वासही येतो. पण केंद्र सरकारच्या कायद्याने तो अजून गुन्हाच आहे. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाशी संबंध नागरिकत्वाच्या अर्जाला नडू शकतो. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा), एच-१बी (नोकरीचा व्हिसा), ग्रीन कार्ड, कोणीही असा, ‘इथे चालतं’ म्हणून गंमत करू नका, आणि विमानतळावर तर पिशवीत काही नेऊच नका.

प्रदर्शनाच्या दालनात लसकंपन्या, विमावाले, नोंदींची सॉफ्टवेअर विकणारे. फुकटच्या पिशव्यांत पेनं, कंडोम, ताण घालवायचे रबरी चेंडू. सूटकेसमध्ये जागा ठेवा किंवा मोह आवरा. पोस्टरांना, म्हणजे आपापल्या कामाची माहिती मांडणाऱ्या फलकांना, मात्र वेळ द्या. छोट्या कॉलेजांनी कमी पैशांत काय जमवलं ते तिथे दिसतं, माणूस समोर उभा असतो आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. भारतातल्या कॉलेजातून यायचा विचार असेल तर पोस्टर पाठवणं हाच सोपा रस्ता. आपल्याकडच्या वसतिगृहातली एखादी साधी गोष्टसुद्धा इथे नवी वाटेल.

प्रत्येक सत्राचा अभिप्राय त्याच संध्याकाळी ऑनलाइन भरा, नाहीतर क्रेडिटचं (सत्रांना बसल्याबद्दल मिळणाऱ्या शिक्षणतासांचं) प्रमाणपत्र निघताना कुठल्या खोलीत काय ऐकलं ते आठवत नाही. शाकाहारी जेवण नोंदणीच्या वेळीच कळवा, तरीही बॅगेत चिवडा असू द्या.

शनिवारनंतर एक दिवस हाताशी असेल तर रेड रॉक्सचं खुलं नाट्यगृह बघा, ते जवळ आहे. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातला ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि साधारण मेअखेरीस उघडतो. त्या वर्षी बर्फ जास्त असल्याने आम्ही होतो तोवर तो बंदच होता, तेव्हा गाडी भाड्याने घेण्याआधी उद्यानाच्या फोनवर चौकशी करा. त्यापुढचं अधिवेशन, संस्थेच्या शंभरीचं, मे २०२० मध्ये शिकागोला ठरलं होतं.