पुन्हा एकदा सौभद्र

रविवार, रात्री पावणेबारा

झोप काही येणार नाही, तेव्हा लिहूनच टाकते. संध्याकाळी सौभद्र बघून आले, अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत नाटक, अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं. निघताना नवऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "परत? शेवट बदललाय का?" हा विनोद तो लग्नाच्या वर्षापासून करतोय आणि दर वेळी आपणच हसतो.

सौभद्राचा शेवट तर १८८२ सालीसुद्धा कोणाला नवा नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्या वर्षी नोव्हेंबरात पुण्यात पहिले तीनच अंक केले आणि उरलेलं नाटक पुढच्या वर्षी रंगभूमीवर आलं. आजच्या भाषेत मोठा 'सस्पेन्स'. पण पुण्यातल्या एकाही माणसाची त्या काळात झोप उडाली नसणार. सुभद्रा दुर्योधनाला दिली असती तर अभिमन्यू कुठून आला असता? अण्णासाहेबांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी रहस्य राखायच्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं असावं. नाटकात एकट्या कृष्णाला सगळं माहीत आहे. बाहेर आपल्याला सगळं माहीत आहे. मधली सगळी मंडळी, बलराम, सुभद्रा, रुक्मिणी, अर्जुनसुद्धा, अर्ध्या माहितीवर धावपळ करतात. म्हणजे सौभद्र बघताना आपण आपसूक कृष्णाच्या बाजूला जाऊन बसतो. आणि नाटक पुन्हा पुन्हा बघणारा माणूस तर जरा जास्तच.

आज थिएटर पाऊण भरलं होतं. संगीत नाटकाला पाऊण म्हणजे हाउसफुल्लच म्हणायचं. मला दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली, पायपेटीवाल्याच्या अगदी समोर. मी ठरवून तीच मागून घेते. गायकाचा चेहरा कुठूनही दिसतो, पण पायपेटीवाल्याचे पाय फक्त तिथून दिसतात. आजचे गृहस्थ साठीचे असतील. नांदीआधी त्यांनी चपला काढून खुर्चीखाली जोडीने ठेवल्या, मोजे काढून खिशात घातले, आणि अनवाणी पायांनी भाता भरायला सुरुवात केली. समोर वहीबिही काही नाही. एका लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने पदांची यादी, त्यातली चार-पाच खोडलेली. तिथेच माझ्या पोटात गोळा आला. आज काय काय कापलंय?

बाजूला एक काका होते. पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. पडदा वर जायच्या आधीच त्यांनी मला, "ताई, हे बघितलंय ना आधी?" असं विचारून घेतलं. मी हो म्हणाले. "मग ठीक," असं म्हणून ते निर्धास्त झाले. ते 'मग ठीक' कशासाठी होतं हे लवकरच कळलं. काकांना प्रत्येक पद अर्धी ओळ आधी गुणगुणायची सवय होती. नट तोंड उघडायच्या आत काकांचं सुरू. एरवी मी रागाने बघितलं असतं. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी माझेही ओठ हलत होते, फक्त आवाज बंद होता.

नांदी, म्हणजे नाटकाआधीचं मंगलगीत, 'पंचतुंड नररुंडमालधर'. ही मुळात सौभद्राची नाहीच, ती अण्णासाहेबांच्याच १८८० च्या शाकुंतलाची. पण ती कुठल्याही संगीत नाटकाआधी म्हटली तरी कोणी हरकत घेत नाही, आणि म्हटली नाही तर मात्र घेतात. सगळी मंडळी रंगमंचावर हात जोडून उभी होती. घटोत्कचाचा अर्धाच मेकअप झाला होता. तो कडेला, अंधारात उभं राहून गात होता आणि सगळ्यांत सुरेल तोच होता. बिचाऱ्याच्या वाट्याला पुढे आरडाओरडाच.

'प्रिये पहा' आलं तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजून गेले असतील. बाहेर रविवारची वाहतूक तुंबलेली, भिंतीपलीकडून हॉर्न ऐकू येतायत, आणि कृष्ण रुक्मिणीला सांगतोय की रात्र सरली, उजाडतंय. 'थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत.' राग देसकार. सकाळचा. सूर सगळे भूपाचेच, सा रे ग प ध. फरक एवढाच की भूप गंधारावर, म्हणजे 'ग'वर विसावतो आणि देसकाराचा जीव धैवतात, 'ध'मध्ये असतो. गाणारा जरा सैलावला की पाय घसरून भूपात जातो आणि पहाटेची परत संध्याकाळ होते. मी या पदात दर वेळी तेवढंच ऐकत असते, हा धैवत सोडतो की धरून ठेवतो. आजच्या कृष्णाने धरला. तिशीतला मुलगा, अंगाने किरकोळ, मुकुट त्याला जरा मोठा होत होता, पण 'उषःकाल हा' वर त्याने धैवत असा लावला आणि तिथेच उभा राहिला, खाली यायची घाई नाही. काका गुणगुणायचे थांबले. अख्ख्या प्रयोगात ते दोनदाच थांबले, त्यातली ही पहिली वेळ.

मग बलराम. लोक सौभद्राला पदांसाठी जातात आणि मीही जाते, पण माझं खरं प्रेम बलरामावर आहे. नाटकातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा आणि सगळ्यांत सरळ माणूस. आपल्या बहिणीचं भलं दुर्योधनाच्या घरात आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. आणि समोर भगवी छाटी नेसून बसलेला त्रिदंडी संन्यासी हा अर्जुन आहे हे त्याला सोडून सगळ्या थिएटरला माहीत आहे. तो त्या कपटी यतीच्या पाया पडतो, त्याच्या वैराग्याचं कौतुक करतो, आणि शेवटी स्वतःच सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो! या जागेला वाक्य यायच्या आधीच हशा सुरू होतो. आज तर बलरामाने नुसता उपरण्याचा पदर सावरला आणि लोक हसायला लागले. काका माझ्याकडे वळून, "आता बघा हं." जसं काही मी पहिल्यांदाच बघतेय.

आजच्या यतीच्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा गोरा वण होता. दुसऱ्या रांगेतून स्पष्ट दिसत होता. राख फासली होती, रुद्राक्ष होते, डोळे अर्धवट मिटलेले, आणि तो वण. कपटी यतीला हे इतकं शोभून दिसत होतं की मेकअपवाल्याने मुद्दाम ठेवला असेल तर त्याला बक्षीस द्यायला हवं.

सुभद्रेबद्दल जरा सविस्तर लिहायचंय. 'वद जाऊ कुणाला शरण' हे पद लहानपणी मला रडकं वाटायचं. शिलेदारांच्या नाटक मंडळीचा प्रयोग सांगलीला आला की आई मला घेऊन जायची. जयमालाबाईंचं तोपर्यंत फक्त नाव ऐकलेलं, पण त्यांच्या मुलीची, कीर्तीताईंची सुभद्रा डोळ्यांनी बघितली. मला त्यातला शालूच आठवायचा. आता ऐकताना वेगळंच जाणवतं. ती मैत्रिणीला विचारतेय की सांग, मी जाऊ कुणाकडे? मोठा भाऊ ठरवून मोकळा, धाकटा भाऊ हसून गप्प. मला नको आहे हे ऐकून घ्यायला माणूसच नाही. हे पद पुण्यात गाजत होतं त्यानंतर दोनच वर्षांत दादाजी भिकाजींनी मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंवर दावा लावला, लहानपणी लग्न झालंय म्हणून नांदायला ये म्हणून. अण्णासाहेबांना असलं काही सुचवायचं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना लोकांना हसवायचं आणि गाणी ऐकवायची होती. आणि १८८५ मध्ये ते गेलेच. पण त्या नाट्यगृहात बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी आठ-दहा वर्षांच्या सुभद्रा होत्या, हा विचार आता डोक्यातून जात नाही. शिवाय रंगमंचावर ही तक्रार गाणारा पुरुष. आधी भाऊराव कोल्हटकर, पुढे बालगंधर्व. लुगडं नेसून पुरुष विचारतोय, 'जाऊ कुणाला शरण', आणि समोरचे पुरुष 'वन्स मोअर' म्हणतायत.

आजची सुभद्रा चांगली होती, पण तिने या पदात ताना घेतल्या. मला नाही आवडलं. ज्या बाईला जायला जागा नाही, तिने एवढं फिरू नये. काकांना मात्र फार आवडलं. त्यांनी पिशवीवर ठेका धरला होता. सुभद्रेच्या गालावर माइकची चिकटपट्टी होती, तिच्यावर घाम आला की आवाज खरखरायचा. पण पोरीने जराही विचलित न होता मान किंचित तिरकी केली आणि गात राहिली. हे तालमीत शिकवत नाहीत, हे दौऱ्यावर येतं.

मध्यंतरात वडा खाताना काकांशी वाद झाला. कापलेल्या पदांवरून. मूळ सौभद्रात शंभरावर पदं आहेत. ती सगळी म्हणायची तर पहाट व्हायची, आणि तेव्हा ती होतही असे. आता तीन तासांत आवरायचं म्हटल्यावर कात्री आलीच, ते मला मान्य. पण कात्री चालते कुठे? साकी, दिंडी, कामदा यांच्यावर. एका-दोन मिनिटांच्या त्या छोट्या रचना, संवादातूनच सहज उठणाऱ्या. अण्णासाहेबांनी कीर्तनातलं, लावणीतलं, कर्नाटकी चालींतलं जे जे कानावर आलं ते सगळं इथे वापरलं. छापील नाटकात प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचं नाव दिलंय, कसलीही लपवालपवी नाही. त्या साक्या-दिंड्यांमुळे माणूस बोलता बोलता गायला लागतो हे पटतं. त्या गाळून फक्त मोठी, टाळ्यांची पदं ठेवली तर पंगतीत वरण-भात न वाढता नुसत्या जिलब्या वाढल्यासारखं होतं. काकांचं म्हणणं, "ताई, जिलब्याच खायला येतात हो लोक." मी म्हटलं, "मग चाललं कसं दीडशे वर्षं?" ते म्हणाले, "जिलब्यांवरच." हरले असं नाही, पण तिसरी घंटा झाली.

नारद एका बाईंनी केला. खणखणीत. 'राधाधर मधुमिलिंद' म्हणत आल्या आणि चिपळ्या वाजवत रंगमंच सबंध ओलांडून गेल्या.

आणि 'नच सुंदरि करू कोपा'. रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढणारा कृष्ण. या पदावर गायक-नट छोटा गंधर्वांचा शिक्का असा बसलाय की पुढच्या प्रत्येक कृष्णाला आधी त्यांना नमस्कार करावा लागतो आणि मग स्वतःचं बघावं लागतं. आजच्या मुलाने नमस्कार केला. त्याच जागा, तेच लाडिक थांबणं, 'मजवरी धरि अनुकंपा' वर तीच आर्जवी लय. सुरेख, घोटून घेतलेलं, पण रेकॉर्ड ऐकावी तसं. वन्स मोअर मिळाला. पायपेटीवाल्या गृहस्थांनी चष्म्यावरून वर बघितलं, मुलाने मान हलवली. आणि दुसऱ्यांदा त्याने सुरुवातच निराळी केली. ओळ रुक्मिणीला न म्हणता आधी अर्धी आमच्याकडे बघून म्हटली, म्हणजे आम्हाला साक्षीला ठेवून, की बघा, ही रुसलीय आणि मी काय काय ठरवून बसलोय ते हिला माहीत नाही, तुम्हाला आहे. गाणंही बदललं. एक जागा त्याने नुसती सोडून दिली, गायलीच नाही. पायपेटीने ती हळूच भरली आणि बाजूचे काका दुसऱ्यांदा थांबले. आता पुढे काय येणार ते त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

घरी येऊन आईला फोन लावला. अकरा वाजले होते, पण ती जागी असणार हे माहीत होतं. आता तिला सांगलीहून येणं जमत नाही. गुडघे.

"कसं झालं गं?"

"चांगलं झालं."

"नच सुंदरी?"

"वन्स मोअर मिळाला. दुसऱ्यांदा तर काय सुंदर म्हटलं!"

"मग पहिल्यांदा काय झालं होतं?"

मी सांगायला लागले. घड्याळाचा वण, सोडून दिलेली जागा, काका, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि त्या बलरामाचं काम करणारा कसा होता? उंच होता का?" बलराम उंच हवा, ही तिची अट आहे. बुटका बलराम तिला चालत नाही, मग त्याने कितीही छान काम केलेलं असो. मी सांगितलं, मध्यम होता. "हं," ती म्हणाली. "मग टाचेच्या चपला घालायच्या त्याने."

पुढचा प्रयोग महिनाअखेरीस आहे म्हणे. नारद दुसरे असणार आहेत. तिकीट काढायला नवऱ्यालाच पाठवावं.