मस्कतचा हिवाळा: वर्ग, मैदान आणि प्रवास

मस्कतमध्ये मोकळ्यावर सुखाने वावरता येईल असे हवामान साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत असते, आणि इथल्या भारतीय शाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या वर्षातील जवळजवळ सगळी महत्त्वाची कामे नेमकी याच काळात येतात. आंतरशालेय सामने तेव्हाच भरतात. सीबीएसईच्या प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारीत आणि बोर्डाच्या लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यापासून असतात. ओमानचे डोंगर आणि वाड्या, म्हणजे खडकांतून वाहणाऱ्या पाण्याच्या घळी, पाहण्याचा हंगामही हाच. मी दहावीला गणित शिकवते आणि मुलींच्या कबड्डी संघाची प्रशिक्षक आहे. जून-जुलैच्या सुट्टीत बडोद्याला आले की दांडिया बाजारातील आमच्या घरी शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुली येतात आणि ‘मावशी, तिकडे फिरायला वेळ मिळतो का?’ असे विचारतात. त्यांना सविस्तर उत्तर मिळावे म्हणून हे लिहिते आहे.

ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. आमची शाळा सकाळी सातच्या सुमारास भरते आणि दुपारी दोनच्या आत सुटते. सराव मात्र ऊन उतरल्यावर, साडेचारला सुरू करावा लागतो. डिसेंबरमध्ये साडेपाचच्या आधीच सूर्य मावळत असल्यामुळे हाती जेमतेम तासभर उरतो. मधल्या वेळात मी शाळेतच थांबून वह्या तपासते, कारण घरी जाऊन परत येण्यात तो वेळ निघून जातो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. जून ते ऑगस्ट या काळात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास या देशात कायद्यानेच बंदी आहे, यावरून उन्हाची कल्पना यावी. तेव्हा मैदान सोडून आम्ही सभागृहात मॅटवर सराव करतो. मॅटवर बूट घालून खेळावे लागते, पायाची पकड वेगळी बसते, आणि मातीवर शिकलेल्या मुलींना पहिले काही आठवडे वळताना अडखळायला होते.

माझ्या संघात केरळ, तामिळनाडू, गोवा आणि गुजरात अशा सगळीकडच्या मुली आहेत. वडिलांचा नोकरीचा करार संपला की कुटुंब परत जाते किंवा दुसऱ्या देशात जाते, त्यामुळे वर्षाच्या मध्यावरही एखादी खेळाडू अचानक कमी होते. कबड्डीत हे फार जाणवते. बचावात दोघी-दोघी हात धरून साखळी करतात. चढाई करणारी निदानरेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागणारी रेषा, ओलांडून आत आली की कोपऱ्यातली मुलगी घोटा धरते आणि शेजारच्या जोडीने त्याच क्षणी तिला मध्यरेषेकडे जाण्यापासून अडवायचे असते. कोण कधी झेप घेणार हे हाताच्या ओढीवरून कळावे लागते, आणि ती समज दोघींना अनेक आठवडे शेजारी उभे राहूनच येते. एक गेली की साखळी पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागते. पण याच कामातून नवी आलेली मुलगी शाळेत लवकर रुळते, हे मी वारंवार पाहिले आहे. वर्गात फळ्याजवळ येऊन गणित सोडवायला संकोचणारी मुलगी मैदानावर मोठ्या आवाजात सहकाऱ्यांना जागा सांगते, आणि पुढे वर्गातही तिचा आवाज फुटतो. म्हणून शिकवणे, प्रवास आणि प्रशिक्षण यांपैकी काही कमी करण्याची वेळ आली तर मी प्रवास कमी करते. मैदानावरचा तास सोडत नाही.

यात माझ्या गावाचाही वाटा आहे. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचे, नियम पुस्तकरूपाने छापले आणि त्याच वर्षी त्या नियमांनुसार अखिल भारतीय सामने भरवले. जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या जुन्या आखाड्याच्या गावात वाढलेल्या मुलीला व्यायाम आणि विद्या वेगळ्या वाटत नाहीत. मस्कतमध्ये २०१० साली आशियाई बीच क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा त्यांत वाळूवरची कबड्डीही होती. हे सांगितले की माझ्या मुलींना हा खेळ या शहराचाही वाटू लागतो.

संघाबरोबरचा प्रवास हे स्वतंत्र काम आहे. दुबईला सामन्यांसाठी जायचे तर रस्त्याने सुमारे साडेचारशे किलोमीटर जावे लागते. प्रत्येक मुलीचे पारपत्र, निवासपत्र, आगाऊ काढलेला व्हिसा आणि पालकांचे संमतिपत्र हे सगळे निघण्यापूर्वी तपासावे लागते, कारण सीमेवर एकीचा कागद अपुरा असला तर सगळी बस थांबते. त्या दिवसांत बुडणारे गणिताचे तास मी जाण्यापूर्वीच भरून काढते. परत आल्यावर भरून काढण्याइतका अवकाश जानेवारीत नसतो.

स्वतःसाठीचा प्रवास शुक्रवारी होतो. निझवा मस्कतपासून दीडशे किलोमीटरवर आहे आणि तिथला शेळ्यांचा बाजार शुक्रवारी सकाळीच भरतो, त्यामुळे पहाटे निघून रात्री घरी येता येते आणि शनिवार वह्यांसाठी राहतो. जबल अखदर या डोंगरावर जायचे तर चारही चाकांना गती देणारी गाडी लागते. पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे आणि इतर गाड्या तिथून परत पाठवल्या जातात. वरचे सैक पठार सुमारे दोन हजार मीटर उंचीवर असून तिथे डाळिंबाच्या आणि गुलाबाच्या बागा आहेत. दक्षिण ओमानमधील सलालाहचा पावसाळा मात्र मी अजून पाहिलेला नाही. तो जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत असतो, त्यातील जुलै मी आईजवळ बडोद्यात काढते आणि ऑगस्टमध्ये शाळा सुरू होते.

परदेशी शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलींनी करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात असे मला मनापासून वाटते: प्रशिक्षणाचे तास अध्यापनाच्या तासिकांत धरले जातात का, संघ बाहेरगावी असताना तुमचे वर्ग कोण घेते, आणि मुलींच्या संघाबरोबर दुसरी शिक्षिका दिली जाते का. माझी भाची येत्या महिन्यात मुलाखतीला जाते आहे. तिला मी हे तिन्ही प्रश्न कागदावर लिहून दिले आहेत.