चार जिन्नसांची बिस्किटे : आमची वाटचाल

बेळगावात घरची बिस्किटे म्हणजे बेकरीतून भाजून आणलेली बिस्किटे, असाच अर्थ वर्षानुवर्षे रूढ होता. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या आधी पीठ, तूप आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे, भाजणावळ ठरवायची आणि संध्याकाळी नानकटाईने भरलेला पत्र्याचा डबा घरी आणायचा, ही रीत शहापूर-वडगाव भागातील अनेक घरांत होती. आमच्या उद्योगाचे मूळ याच रितीत आहे. भट्टी बेकरीवाल्याची असली तरी जिन्नस घरचे असत, त्यामुळे बिस्किटात काय पडले आहे याची खात्री असे. तशीच खात्री गिऱ्हाइकाला देता येईल का, या विचाराने माझ्या जाऊबाईंनी आणि मी घरच्या लहान ओव्हनवर काम सुरू केले.

नाचणी, गहू, गूळ आणि तूप एवढेच जिन्नस घ्यायचे, असे आम्ही पहिल्यापासून ठरवले होते. वेलदोडा आणि चिमूटभर मीठ त्यात असतेच, पण ते आम्ही हिशेबात धरत नाही. जिन्नस कमी म्हणजे काम सोपे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जिन्नस जितके कमी, तितकी खरेदी अवघड होते, कारण हिणकस तूप किंवा खारट गूळ झाकायला इसेन्स, चॉकलेट, दूधपावडर यांपैकी काहीच हाताशी नसते. म्हणूनच आमचा निम्मा वेळ भाजण्यात नव्हे, तर खरेदीत जातो.

त्यातही गुळाची खरेदी सर्वांत जिकिरीची असते. आमचा जिल्हा उसाचा, संकेश्वर-निपाणी पट्ट्यात गुऱ्हाळेही आहेत. तरीही हवा तसा गूळ सहज मिळत नाही. बाजारात पिवळाधमक गूळ पटकन खपतो आणि तो रंग यावा म्हणून काही ठिकाणी रस उकळताना हायड्रॉस हे रंग उजळवणारे रसायन घातले जाते. आम्हाला भेंडीच्या रसाने मळी काढलेला, तपकिरी रंगाचा गूळ हवा असतो. ओळखीच्या एका गुऱ्हाळमालकांनी पहिल्याच भेटीत विचारले होते, “वहिनी, एवढा काळा गूळ नेऊन करणार काय?” आता हंगामात ते आमच्यासाठी तशा ढेपा वेगळ्या काढून ठेवतात. वर्षभराचा गूळ हंगामातच घेऊन कोरड्या जागी ठेवावा लागतो, आणि छोट्या उद्योगाचे बरेचसे भांडवल त्यातच अडकते.

नाचणी आम्ही खानापूर तालुक्याच्या डोंगराळ भागातून आणतो. ती निवडून, धुऊन आणि कडक उन्हात वाळवून घरच्या गिरणीवर दळतो. बाहेरच्या गिरणीत मिरचीनंतर दळण टाकले गेले तर त्याचा तिखटपणा बिस्किटात उतरतो, म्हणून मोठ्या ओव्हनच्याही आधी आम्ही गिरणी घेतली. नाचणीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, कारण तिच्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, नाही. नुसत्या नाचणीची बिस्किटे उचलताच भुगा होतात. म्हणून आम्ही तीन भाग नाचणीला दोन भाग गव्हाचे पीठ घेतो. कच्च्या नाचणीचा मातकट वास घालवण्यासाठी तिचे पीठ मंद आचेवर खमंग भाजून पूर्ण गार करावे लागते.

घरी करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रमाण सांगण्यास आमची हरकत नाही. १५० ग्रॅम भाजलेले नाचणीचे पीठ, १०० ग्रॅम गव्हाचे पीठ, १२० ग्रॅम चाळलेला बारीक गूळ आणि ११० ग्रॅम तूप घ्यावे. तूप थिजलेले हवे. पातळ तुपाने बिस्किटे भाजताना पसरतात. तूप आणि गूळ हलके होईपर्यंत फेटून त्यात पीठ मिसळावे, गोळा वळत नसेल तर चमचा-दोन चमचे दूध शिंपडावे आणि पीठ अर्धा तास झाकून ठेवावे. मग चपटे गोळे करून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर १८ ते २० मिनिटे भाजावेत. गुळाचे खडे राहू देऊ नयेत, ते वितळून जळतात. नाचणी मुळातच काळपट असल्यामुळे बिस्किट भाजले की नाही हे रंगावरून कळत नाही. कडा घट्ट झाल्या आणि तुपाचा खमंग वास सुटला की ओव्हन बंद करावा. बाहेर काढल्यावर बिस्किटे मऊच लागतात, ती ट्रेमध्येच गार होऊ द्यावीत.

‘डायबेटिसला चालतील ना?’ हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो आणि आमचे उत्तर अनेकांना आवडत नाही. गूळ ही शेवटी साखरच आहे आणि तूप ही चरबी आहे. आमच्या बिस्किटांत मैदा नाही, वनस्पती तूप नाही, आणि १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, एवढे आम्ही निःशंकपणे सांगतो. त्यापुढचे डॉक्टरांना विचारावे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते, तेव्हा मागणी वाढली आणि पाकिटावर ‘आरोग्यदायी’ असे मोठ्या अक्षरांत छापण्याचा सल्लाही मिळाला. आम्ही तो शब्द छापला नाही. घटक मात्र नियमाप्रमाणे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापले आहेत, आणि गव्हाचा उल्लेख ठळक आहे. गहू न घातलेल्या ‘ग्लुटेनमुक्त’ पाकिटाची मागणी आली होती. परंतु त्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा पाळावी लागते आणि एकाच गिरणीवर गहू दळणाऱ्या आमच्यासारख्यांना ते शक्य नाही.

परवाना आणि भांडवल यांविषयी थोडक्यात सांगतो. वर्षाची उलाढाल १२ लाख रुपयांच्या आत असल्याने अन्नसुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरेशी ठरली. तिचे वार्षिक शुल्क १०० रुपये होते. मोठा ओव्हन आणि सीलिंग मशीन यांसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून कर्ज घेतले. तिच्यात ३५ टक्के अनुदान होते, पण ते कर्जाशी जोडलेले असल्यामुळे हप्ते भरण्याची तयारी आधी ठेवावी लागली.

पावसाळा हा आमचा कसोटीचा काळ असतो. गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि बेळगावच्या पावसात उघडे राहिलेले पाकीट एका रात्रीत सादळते. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही फक्त लहान पाकिटे भरतो आणि एरवीही महिनाभराचीच मुदत छापतो. दुकानदारांना किमान चार-सहा महिने टिकणारा माल हवा असतो, त्यामुळे मोठ्या दुकानांत आम्ही नाही. आगाऊ मागणी घ्यायची, आठवड्यातून दोनदा भाजायचे आणि शहरात त्याच दिवशी पोहोचवायचे, असा क्रम बसला आहे. कोल्हापूर आणि गडहिंग्लजच्या मागण्या बसने जातात. आता सौंदत्तीकडची रब्बी ज्वारी आणि तीळ घेऊन संक्रांतीसाठी नवे बिस्किट बसवत आहोत. ज्वारीचे पीठ नाचणीपेक्षा जास्त तूप मागते, आणि ते प्रमाण अजून जाऊबाईंच्या मनासारखे जमलेले नाही.